पूनमचा कोरा प्रयोग

संस्थेत डॉ. जयमाला सानप यांना मागून सगळे ‘पडदाबाई’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. तीस वर्षं त्यांनी एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवला होता. पेशीभोवती चरबीचा एक पडदा असतो, केसाहून दहा हजार पटींनी पातळ. त्या पडद्यात प्रथिनं रुतून बसलेली असतात. कुणी दार उघडून मीठ आत घेतं, कुणी बाहेर काढतं, आणि जंतूंची काही प्रथिनं तर घरफोड्यासारखी पडद्याला सरळ भोकच पाडतात. हे काही डोळ्यांना दिसत नाही. मग करायचं काय, तर प्लास्टिकच्या एका इवल्याशा कपाला सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं, त्यावर चरबीचा पडदा ताणायचा, दोन्ही बाजूंना मिठाचं पाणी भरायचं, वीज जोडायची आणि वाट बघायची. पडदा अखंड असला की संगणकावरची रेघ सपाट. प्रथिनानं भोक पाडलं की रेघ टपकन एक पायरी चढते. अशी एक पायरी बघण्यासाठी जयमालाबाई तरुणपणी दिवसदिवस उपाशी बसलेल्या होत्या.

त्यांचे वडील मालोजी बहात्तरच्या दुष्काळात बीडकडून पिंपरीला आले आणि एका कारखान्यात प्रेस मशीनवर लागले. संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्यांत चार भावंडं वाढली. जयमाला पीएचडी झाल्या तेव्हा शेजारच्या बायका रक्तदाब मोजून घ्यायला आल्या होत्या. डॉक्टर झाली पण सुई टोचता येत नाही, हे कोडं कॉलनीला शेवटपर्यंत उलगडलं नाही. पण अभिमान मात्र सगळ्यांनाच होता.

त्यांचं नाव झालं ते २००८ सालच्या एका शोधनिबंधानं. क्षयाच्या जंतूचं एक प्रथिन माणसाच्या फुप्फुसातल्या पेशींचा पडदा भोसकतं, असं त्यांनी पायऱ्यांच्या आलेखांनिशी दाखवलं. त्या निबंधामागोमाग प्राध्यापकपद आलं, पुरस्कार आले, परदेशची बोलावणी आली. त्यातली आकृती पाठ्यपुस्तकात गेली.

गेल्या हिवाळ्यात मात्र परदेशातल्या दोन प्रयोगशाळांनी एकापाठोपाठ कळवलं की, तुमचं हे भोक आम्हाला काही सापडत नाही. संचालकांनी बाईंना बोलावून सांगितलं, एकदा नव्यानं करून दाखवा म्हणजे तोंडं बंद होतील. नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. बाईंनी ते काम सायलीला दिलं. सायली त्यांची शेवटची विद्यार्थिनी; बाईंच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

एप्रिलच्या एका सकाळी सायली त्यांच्या खोलीत आली. तिच्या हातात आलेखांचा गठ्ठा होता आणि काखेत एक जुनी, कडा पिवळ्या पडलेली वही.

“मॅडम, बावन्न वेळा केलं,” ती म्हणाली. “नव्या पद्धतीनं काढलेल्या प्रोटीनला एकही पायरी येत नाही. आणि...”

“आणि काय?”

“जुन्या पद्धतीत आपण प्रोटीन डिटर्जंटमध्ये विरघळवायचो ना? मी नुसता तो डिटर्जंट घालून बघितला. प्रोटीन नाहीच. तर पायऱ्या आल्या. अगदी आपल्या पेपरमध्ये आहेत तशाच.”

जयमालाबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. काच स्वच्छच होती.

“आधी कुणी असा कोरा प्रयोग केला होता का, म्हणून मी जुन्या वह्या चाळल्या,” सायलीनं वही उघडून पुढं सरकवली. “ही बघा, मार्च २०११. ‘प्रथिन नाही, फक्त डिटर्जंट. पायऱ्या दिसतात. अकरा वेळा केले.’ खाली सही पूनम येळवंडे. या कोण होत्या, मॅडम? यांचं नाव कुठल्याच पेपरवर नाही.”

“होती एक,” बाई म्हणाल्या. “अर्ध्यात सोडून गेली.”

शब्द तोंडातून सुटले आणि त्यांचे कान तापले. चौदा वर्षांनीही तेच वाक्य जिभेवर तयार होतं, जरासुद्धा शोधावं लागलं नाही.

पूनम महाळुंग्याची. बापाची बरीचशी जमीन चाकणच्या कंपन्यांत गेलेली. उरलेल्या तुकड्यात यशवंतराव येळवंडे कांदा काढत आणि बाकीच्या जागेत खोल्या बांधून त्या कामगारांना भाड्यानं देत. घराण्यात विज्ञान शिकलेली ही पहिलीच. ती संस्थेत रुजू झाली त्या दिवशी यशवंतराव कांद्याचं एक पोतं खांद्यावर घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले होते. “मॅडम, पोरगी तुमच्या हवाली केली,” एवढंच म्हणाले आणि पोतं ठेवून गेले. कांदे सगळ्यांनी वाटून घेतले.

पोरीच्या हातात कसब होतं. पडदा ताणायला इतरांना सहा महिने लागत, ती तीन आठवड्यांत शिकली. तिसऱ्या वर्षी बाईंनी तिला त्याच गाजलेल्या प्रथिनावर पुढचं काम दिलं, आणि मार्चमधल्या एका सोमवारी, प्रयोगशाळेच्या साप्ताहिक बैठकीत, आठ जणांसमोर पूनमनं आलेख दाखवला आणि म्हणाली, “मॅडम, मला वाटतं पायऱ्या प्रोटीनच्या नाहीत. डिटर्जंटच्या आहेत.”

बाईंच्या प्राध्यापकपदाची मुलाखत दहा दिवसांवर होती. त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. बोलल्या ते मात्र सगळ्यांनी ऐकलं.

“कप नीट धुतला नसशील,” त्या म्हणाल्या. “हे कांद्याचं शेत नाही, पूनम. इथं हात स्वच्छ लागतात.”

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. पूनमनं दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

प्रेस मशीनवर राबणाऱ्या माणसाच्या मुलीनं हे वाक्य कुठून आणलं? शाळेत असताना त्यांच्या स्वतःच्या गणवेशाला तेलाचा वास येतो म्हणून मुली बाकावर सरकून बसायच्या. ते त्यांना आठवत होतं. आठवत असूनही त्या बोलल्या होत्या.

पुढं सगळं रीतसर झालं. वार्षिक अहवालात बाईंनी ‘प्रयोगकौशल्य अपुरे’ असा शेरा मारला. समितीनं शिष्यवृत्ती पुढं चालू ठेवली नाही. पूनम भांडली नाही. किल्ल्या, ओळखपत्र आणि वही जमा करून ती गेली.

यापुढची गोष्ट जयमालाबाईंशिवाय कुणालाच माहीत नव्हती. पूनम गेल्यावर दोन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, त्या एकट्याच प्रयोगशाळेत गेल्या. नवा कप घेतला, स्वतःच्या हातानं धुतला, पडदा ताणला आणि नुसता डिटर्जंट घातला. वीस मिनिटांत रेघ टपकन वर चढली. मग पुन्हा. मग पुन्हा. दुपारपर्यंत त्या बघत बसल्या. नंतर त्यांनी कप ओतून टाकला, धुऊन पालथा घातला आणि घरी जेवायला गेल्या. वहीत काही लिहिलं नाही. एका दिवसाच्या प्रयोगावरून काय ठरवायचं, शंभरदा करायला हवं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली; आणि शंभरदा राहिलं, दुसऱ्यांदाही केलं नाही.

तेव्हापासून व्याख्यानात ती आकृती पडद्यावर आली की त्या श्रोत्यांकडं बघत. आकृतीकडं बघत नसत.

सायली गेल्यावर बाईंनी दार लावून घेतलं आणि नियतकालिकाला पाठवायच्या पत्राचा मसुदा लिहिला. निबंध मागं घेणं भागच होतं. ‘नव्या, अधिक शुद्ध पद्धतीमुळे आता असे आढळून आले आहे की...’ त्यांनी पत्र तीनदा वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता. सतरा वर्षांपूर्वीची साधनं अपुरी होती, विज्ञान पुढं गेलं, कुणाचा काही दोष नाही, असं वाचणाऱ्याला वाटलं असतं. फक्त एक अडचण होती. वही सायलीनं पाहिली होती. आणि महाळुंग्यात कुठंतरी पूनम होती.

बुधवारी दुपारी त्या मसुदा पर्समध्ये घालून निघाल्या. मोशीच्या पुढं कंटेनरांच्या रांगेत टॅक्सी तासभर मुंगीच्या पावलानं सरकत होती. तिथं जाऊन काय बोलायचं, याची त्या मनात जुळवाजुळव करत होत्या. ‘तुझं म्हणणं बरोबर निघालं बघ,’ असं हसत सुरुवात करावी का? की आधी खुशाली विचारावी? प्रत्येक वाक्य स्वतःलाच ऐकवलं की त्या ते मोडून दुसरं जुळवायच्या.

येळवंड्यांचं घर एका कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून होतं. पुढं ओटा, बाजूला भाडेकरूंच्या खोल्यांची रांग, दोरीवर निळे-करडे गणवेश वाळत घातलेले. ओट्यावर साठी ओलांडलेली एक बाई लसूण सोलत बसली होती.

“पूनम येळवंडे इथंच राहतात का?”

“तिचं सासर निघोज्याला. पन शिफ्ट सुटली की रोज पयली हितं येती. मी तिची आई.” शालनबाई उठल्या. “तुमी कोन म्हनायच्या?”

“मी जयमाला सानप. पूनम माझ्याकडं संस्थेत...”

“सानप मॅडम!” शालनबाईंच्या हातातली लसणाची पाटी कलंडली. “अवो, या की आत! तुमी सोता आलाय व्हय? येका फोनवर निरोप धाडला आस्ता तर तिनं सुट्टी घेतली आस्ती.”

पाणी आलं, पंखा लागला, खुर्चीवर धुतलेली चादर आली. भिंतीवर यशवंतरावांचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. बाईंनी तिकडं पाहिलेलं शालनबाईंच्या ध्यानात आलं.

“करोनाच्या दुसऱ्या लाटंत गेलं. तुमचं नाव लई घ्यायचं. त्यांची लई हौस व्हती, दारावर पोरीच्या नावाआधी डॉक्टर लावायची.” शालनबाई समोर जमिनीवरच बसल्या. “पन पोरगीच कच्ची पडली. रडत आली अन् म्हनली, आई, मला न्हाई जमलं, माझं डोकं न्हाई चालत तिथं. तुमी तीन वरसं येवढी शिकवली, अन् तिनं तुमचं नाव बुडिवलं. ह्यांनी तुमच्याकडं माफी मागाया यायचं ठरवलं व्हतं. कापडं घालून निगालं व्हतं, पूनमनं जाऊ दिलं न्हाई.”

“अहो, तसं काही...”

“न्हाई मॅडम, मला बोलू द्या. आज तुमी व्हऊन दारात आलाय तर ते राह्यलेलं मी करते.” शालनबाईंनी खरोखरच हात जोडले. “पोरीचं चुकलं. तिला पदरात घ्या.”

आता बोलायला हवं होतं. जयमालाबाईंना ते कळत होतं. समोर जोडलेल्या त्या हातांना लसणाचा वास येत होता, नखांत सालं अडकली होती. बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांनाच आपला आवाज ऐकू आला:

“असू द्या, ताई. होतं असं कधी कधी.”

शालनबाईंचा चेहरा उजळला. मोठं ओझं उतरल्यासारख्या त्या उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. जयमालाबाई खुर्चीत बसून राहिल्या. आपण या बाईला माफ केलं. आपण. त्यांना वाटलं, उठावं आणि टॅक्सीत बसून सरळ घर गाठावं. पण पर्स त्यांनी मांडीवरून उचलली नाही.

चारच्या सुमाराला दारात स्कूटर थांबली. पूनम आत आली. अडतीस-एकोणचाळिशीची, गळ्यात कंपनीचं कार्ड, पायांत जड बूट. बाईंना बघून ती उंबऱ्यातच थबकली. मग बूट काढले, न्हाणीत जाऊन हात धुतले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता.

“कशा आहात, मॅडम?” तिनं सरळ डोळ्यांत बघून विचारलं.

“बरी आहे. तू काय करतेस हल्ली?”

“इथंच, गाड्यांचे पार्ट रंगवायची कंपनी आहे. तिथली लॅब बघते. रंगाच्या आधी पार्ट साबणाच्या टाकीतून काढतात. धुतल्यावर साबण राहिला तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. राहिलाय का, ते बघायचं काम माझं.”

तिनं टोमणा मारला नव्हता. बाईंना मात्र मान वर करवेना. त्यांनी पर्समधून मसुदा काढून तिच्या हातात दिला. “हे वाच. म्हणजे मी कशाला आले ते कळेल.”

पूनम ओट्यावर जाऊन उजेडात उभी राहिली. बाई तिच्यामागून गेल्या. कंपनीच्या भिंतीपलीकडं कसलं तरी यंत्र एकसारखं ठोकत होतं. पूनमनं दोन्ही पानं सावकाश वाचली, घडी घातली.

“ह्यात मी कुठं आहे?” तिनं विचारलं.

“तुझं नाव घालायचं का, तेच विचारायला...” बाई बोलायला लागल्या आणि थांबल्या. हेही खोटंच होतं. “नाही. तू कुठं काही बोलशील, याची धास्ती होती. म्हणून आले.”

पूनमनं मान हलवली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

“एक विचारते, मॅडम. खरं सांगा. त्या सोमवारी तुम्हाला मनापासून वाटलं होतं का, की माझा कप घाण आहे?”

यंत्र ठोकत राहिलं. ओट्यावरून एक भाडेकरू पाण्याचा जार घेऊन गेला.

“त्या दिवशी तसं वाटून घेतलं,” त्या म्हणाल्या. “तू गेल्यावर दोन आठवड्यांनी मी स्वतः करून बघितलं. एकटीनं. नवा कप घेऊन.”

“मग?”

“वीस मिनिटांत पायऱ्या आल्या.”

पूनम ओट्याच्या कडेवर बसली आणि स्वतःच्या हातांकडं बघत राहिली.

“मी अजून तीन-तीनदा हात धुते,” ती म्हणाली. “कंपनीतली पोरं हसतात. सॅम्पल घ्यायच्या आधी धुते, घेतल्यावर धुते. अकरा वेळा केलं होतं, मॅडम. अकरा वेळा पायऱ्या आल्या होत्या. तरी मला वाटायचं, असेल, आपलंच काही राहिलं असेल. चौदा वर्षं मला वाटत आलं. आणि तुम्हाला दोन आठवड्यांत माहीत झालं होतं.”

“पूनम, मला माफ...”

“ते नंतर बघू. आधी आईला सांगा.”

“तू कधी सांगितलं नाहीस त्यांना?”

“अण्णांना सांगितलं होतं एकदा.” तिनं आतल्या, बापाच्या फोटोकडं बघितलं. “ते म्हणाले, येवढ्या मोठ्या बाई खोटं कशाला बोलतील? पोरी, आपलं झाकायला दुसऱ्याला नावं ठेवू नये.” पूनमनं गळ्यातलं कार्ड काढून हातात गुंडाळलं. “त्यानंतर मी कुणालाच सांगितलं नाही. जमलं नाही, एवढंच म्हणायला लागले.”

शालनबाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. बशीत बेसनाचे लाडू होते. जयमालाबाई उभ्याच राहिल्या. देशोदेशींच्या सभांत त्या तासन्‌तास बोलल्या होत्या, पण इथं सुरुवातच सापडेना. प्रथिन, डिटर्जंट, पायऱ्या, पडदा, यातलं काहीच या ओट्यावर कामाचं नव्हतं. आणि ते सगळं काढून टाकल्यावर जे उरत होतं ते फार थोडं होतं.

“ताई, तुमच्या पूनमनं माझी चूक काढली होती,” त्या म्हणाल्या. “बरोबर काढली होती. ती बरोबर आहे हे मलाही कळलं होतं. पण माझं नाव जाईल म्हणून मी चारचौघांत तिलाच खोटं पाडलं, आणि तिला घालवून दिलं. तिचं डोकं चालत नव्हतं असं काही नव्हतं. माझ्याकडं आलेल्या मुलांत तिच्याएवढा चांगला हात कुणाचाच नव्हता.”

शालनबाईंनी कप खाली ठेवले. “व्हय गं?” त्यांनी पूनमला विचारलं.

पूनमनं मान हलवली.

“म्हंजी ती सोडून आली न्हाई.”

“नाही. मी काढलं तिला.”

शालनबाई बाईंकडं बघत राहिल्या. रागावल्या असत्या, चार शिव्या दिल्या असत्या, तर सोसायला सोपं गेलं असतं.

“अन् मगाशी मी हात जोडलं,” त्या सावकाश म्हणाल्या, “तवा तुमी असू द्या म्हनला.”

जयमालाबाईंचे कान, मान, गाल सगळं पेटल्यासारखं झालं होतं. आपण अठ्ठावन्न वर्षांच्या आहोत, आणि आयुष्यात इतकं उघडं कधीच पडलो नव्हतो, एवढंच त्यांना कळत होतं.

“तिचा बाप गेला तो पोरीला कच्ची समजून गेला,” शालनबाई म्हणाल्या. “त्याला आता कोन सांगनार? तुमी?”

त्या भिंतीला टेकून बसल्या आणि पुन्हा लसणाची पाटी पुढं ओढली. चहावर साय धरली. थोड्या वेळानं बाईंनी पर्स उचलली. या गावात पाहुण्याला गाडीपर्यंत सोडायला जातात. शालनबाई उठल्या नाहीत. पूनम तेवढी रस्त्यापर्यंत आली. मसुद्याची घडी तिनं परत दिली.

“पूनम, तू पुन्हा ये,” बाई म्हणाल्या. “मी नसेन, पण दुसऱ्या कुणाकडं तुझी पीएचडी पुरी होईल असं मी बघते. मी संचालकांशी...”

“नको, मॅडम.”

“विचार तरी कर.”

“केलाय. पुष्कळ वर्षं केलाय,” पूनम म्हणाली. “मला आता तुमच्याकडून काही मिळायला नको आहे. जे झालं ते लिहा. सगळं.”

बाईंनी त्या आठवड्यात नवं पत्र लिहिलं. त्यात २०११ सालच्या वहीतल्या पानाची छायाप्रत जोडली. डिटर्जंटची गोष्ट प्रथम पूनमनं दाखवून दिली, आपण ती दडपली, आणि नंतर स्वतः प्रयोग करून खातरजमा झाल्यावरही गप्प बसलो, असं क्रमानं लिहिलं. संचालकांनी पत्र वाचून त्यांना बोलावलं. माणूस भला होता, बाईंच्या बाजूचा होता.

“मॅडम, वहीचं ठीक आहे,” ते म्हणाले. “पण ह्या रविवारचं कशाला? त्याची नोंद कुठं आहे? तुम्ही सांगितलं नाही तर कुणाला कळणार आहे? संस्थेचाही विचार करा जरा.”

“तेवढंच लिहायचं राहिलं होतं,” बाई म्हणाल्या आणि पत्र तसंच गेलं.

मग चौकशी समिती बसली. पुरस्कार परत मागवले गेले. सायलीला दुसरे मार्गदर्शक मिळाले; ती जाताना पाया पडायला वाकली तेव्हा बाईंनी पाय मागं घेतले. निवृत्तीची वाट न बघता त्यांनी राजीनामा दिला. संस्थेच्या उपाहारगृहात त्या शिरल्या की बोलणं थांबायचं, त्याचीही सवय होत होती तोवर तिथं जाणंच संपलं.

घरी वडिलांना सांगणं उरलं होतं. मालोजींचं वय शहाऐंशी, ऐकू कमी यायचं, त्यामुळं लाजिरवाणी गोष्ट मोठ्यानं सांगावी लागली. भिंतीपलीकडं शेजाऱ्यांनाही गेली असणार. मालोजींनी सगळं ऐकून घेतलं.

“मंग त्या लेकराला परत घेतलंस का कामावर?” त्यांनी विचारलं.

“नको म्हणाली, दादा.”

“बराबर हाय तिचं.” त्यांनी तोंड फिरवलं. चार दिवस ते मुलीशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बोलले ते औषधाच्या गोळ्यांबद्दल.

निबंध मागं घेतल्याची सूचना जानेवारीत छापून आली. अर्ध्या पानाची. बाईंनी ती एकदाच वाचली आणि दुवा पूनमला पाठवला. सोबत काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पूनमचा फोन आला. मागं कंपनीचा गलबला होता.

“मॅडम, वाचलं मी. आईलाही मराठीत सांगितलं.”

“काय म्हणाल्या?”

“काही नाही म्हणाली. दोनदा सांगायला लावलं फक्त.” मागचा गलबला जरा कमी झाला. “मॅडम, आडनाव चुकलंय.”

“काय?”

“माझं आडनाव. एन राहिलाय. येलवडे छापलंय.”

जयमालाबाईंनी घाईघाईनं संगणक उघडला. सूचना बघितली, मग आपण पाठवलेलं पत्र बघितलं. छापणाऱ्यांची काही चूक नव्हती. पत्रातच तसं होतं, तीनही ठिकाणी. वहीचं पान समोर ठेवून ते पत्र त्यांनी स्वतः टाइप केलं होतं. जिच्या हजेरीच्या कागदांवर तीन वर्षं सह्या केल्या, जिचं शिक्षण बुडवलं, जिच्या ओट्यावर जाऊन आल्या, तिच्या आडनावाची अक्षरं त्यांनी कधी धड वाचलीच नव्हती.

“माझीच चूक आहे,” त्या म्हणाल्या. “तू सांग. मी लिहून घेते.”

पूनमनं एकेक अक्षर सांगितलं. वाय, ई, एल, डब्ल्यू, ए, एन, डी, ई. बाईंनी लिहिलं, परत वाचून दाखवलं.

“बरोबर,” पूनम म्हणाली. “ठेवते, मॅडम. सॅम्पल आलंय.”

बाईंनी लगेच नियतकालिकाला कळवलं, दुरुस्ती हवी म्हणून. उत्तर आलं की नियमाप्रमाणं सहा आठवडे लागतील. सहाचे आठ झाले. मार्चमध्ये दुरुस्ती छापून आली तेव्हा त्यांनी त्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि शाळेतल्या पोरीसारखं एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं.